रिकामं बोट

५ नोव्हेंबर

चि. खारूस,

आशीर्वाद आहेतच, ते भांडणाने आटत नाहीत.

तुझी आई म्हणाली, "फोनवर तुमचा आवाज चढतो, कागदावर चढायचा नाही. लिहून काढा." म्हणून बसलो आहे. हा कागद ती फोनवर टिपून तुला पाठवील. कोपऱ्यात तिचा अंगठा आला असेल तर त्याखालचे शब्द अंदाजाने लाव. तीही इतकी वर्षं माझं बोलणं तसंच लावत आली आहे.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. थंडीची चाहूल लागली म्हणून तिने माझे जुने राखाडी हातमोजे गॅलरीत उन्हाला टाकलेत. रविवारी तू तिच्याशी बोलतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी घासत असतो. नळ बंद ठेवून घासतो असा तिचा आरोप आहे. खरा आहे.

कचेरीत काम भरपूर. परदेशातले पडद्यावरचे खेळ इथल्या मुलांच्या हाती देण्याआधी त्यांना इथे चालतील असं रूप द्यायचं, हे आमचं काम तुला माहीत आहे, आणि त्याबद्दलचं तुझं मत मला पाठ आहे. तरी सांगतो. या महिन्यात एका लढाईतलं लाल रक्त आम्ही हिरवं केलं, सांगाड्यांच्या अंगावर मांस चढवलं, आणि एका गुत्त्यातल्या सगळ्या बाटल्यांत सरबत भरलं. झिंगलेला खलाशी मात्र तसाच राहून गेला, त्यामुळे आता तो सरबत पिऊन भिंतींवर आपटतो. मास्तरांची हसून हसून मुरकुंडी वळली. मास्तर म्हणजे आमच्याकडे संवाद आपल्या भाषेत उतरवणारे. शाळेत कधी शिकवलं नाही, पण दुसऱ्यांच्या चुका काढायची भारी हौस, म्हणून मास्तर.

कुत्र्यावरून आपलं जे झालं ते झालं. तू तिकडे केलेल्या पहिल्या खेळात बर्फात मेलेला कुत्रा होता. लहान मुलांच्या खेळात मेलेलं जनावर इथे खेळ पास करणाऱ्या मंडळाला चालत नाही, म्हणून मी त्याच्या नाकापुढे श्वासाची वाफ काढली आणि खेळ पास झाला. तू फोनवर म्हणालीस, "बाबा, दुसऱ्यांच्या चित्रांवर पांघरूण घालण्यात तुमचा जन्म जाणार." तेव्हापासून आपला अबोला. त्यावर मी आज काही बोलत नाही. वाफ चांगली जमली होती, एवढंच.

गरम कपडे घालत जा.

तुझा,
बाबा

ता. क. परवा एका नव्या खेळाचे तुकडे आले. त्यातला एक हात माझ्या टेबलावर आहे. म्हाताऱ्या माणसाचा, डावा. तुला त्याबद्दल काही माहीत आहे का? सहज विचारतो.


११ नोव्हेंबर

खारू,

तू वाचलंस, आईच्या फोनवर तशी खूण उमटली. उत्तर मात्र नाही. बरोबरच आहे; 'सहज विचारतो' ही थाप होती हे तुला कळलं असणार. आता आडपडदा ठेवत नाही.

तो हात माझा आहे.

सोबत तुमच्या कंपनीचं नाव नव्हतं, नुसता एक क्रमांक होता. पण स्वतःचा हात ओळखायला नाव कशाला लागतं? करंगळीशेजारचं बोट मुळाच्या पेरापाशी संपतं. करंगळी त्या रिकाम्या जागेकडे जरा कलते. आणि माणूस विचारात पडला की त्याचा अंगठा त्या थोट्यावरून फिरत राहतो. मी असं करतो हे मला माहीतच नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "लग्नापासून करताय. मला वाटायचं, हुंडा घेतला नाही म्हणून पस्तावताय." छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनखाली ते बोट गेलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, तुझा पत्ताही नव्हता. लहानपणी तू माझ्या हाताला कधी पाच, कधी सात बोटं काढायचीस, कागदावर जागा उरेल तशी. चार कधीच काढली नाहीस. आता काढलीस, आणि अशी काढलीस की मी माझा हात पडद्यावरच्या त्या हाताशेजारी धरून नुसता बघत राहिलो.

आमच्याकडे अख्खा खेळ येत नाही. गोष्ट आधीच फुटेल म्हणून बनवणारे घाबरतात. त्यामुळे येतात ते फक्त मंडळाच्या नियमात अडकलेले तुकडे, तेही उलटसुलट. चित्रं माझ्याकडे, वाक्यं मास्तरांकडे. कोण कुणाला कुठे आणि का काय म्हणतंय, काही पत्ता लागत नाही. सात वर्षांच्या मुलांच्या खेळात तुटलेला अवयव दाखवायचा नाही, असा नियम आहे. म्हणून हा हात माझ्याकडे आला, सोबत तीन शब्दांची सूचना: 'हात पूर्ण करावा.'

आणि तुकडे कसले आलेत ते ऐक. एकात हा हात दाराला आतून अडसर लावतो. दुसऱ्यात एका छोट्याशा हातातून कंदील काढून घेतो. तिसऱ्यात नुसतीच आवळलेली मूठ. मास्तरांच्या वाट्याला या म्हाताऱ्याचं एकच वाक्य आलंय: "परत येऊ नकोस."

मास्तर म्हणाले, "काका, म्हातारा खाष्ट दिसतोय. शेवटी मरतो बघा."

मी म्हटलं, "मेलेला चालत नाही. वाफ काढावी लागेल."

ते हसले. मी तो अडसराचा तुकडा पुन्हा लावून पाहिला.

खारू, मी तुला परत येऊ नकोस असं कधी म्हटलं होतं का? आठवून आठवून थकलो. म्हटलं नसेल, पण तुला तसं ऐकू आलं असेल, तर ते कुठल्या वाक्यात?

काम थांबत नाही म्हणून पहिल्या तुकड्यात बोट काढलं. सरळ, तुकतुकीत, नखासकट. मागे सरून पाहिलं तर ते सव्वीस वर्षांच्या माणसाचं बोट. बाकी सगळा हात म्हातारा आणि मधे हा पोरसवदा पाहुणा. माझ्या डोक्यात ते तिथेच थांबलंय ना. मग उजव्या हाताचं बोट समोर धरून त्याला सुरकुत्या घातल्या, पेर सुजवलं, नखाला चीर दिली. एका दुपारात त्याला म्हातारं केलं. हात पूर्ण झाला आणि ओळखीचा राहिला नाही. कुणाही भल्या माणसाचा हात झाला.

मला एवढंच सांग, खेळात हा माणूस कोण आहे. वाईट असला तरी सांग. माहीत नसण्यापेक्षा ते बरं.

कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही, अशी सही मी करून दिलेली आहे. पण जिने खेळ केला तिलाच सांगणं म्हणजे बाहेर कसं? अशी मी मनाची समजूत घालतो. मॅडमची घालायची वेळ येऊ नये.

बाबा


१६ नोव्हेंबर

खारू,

तू मला उत्तर दिलं नाहीस. माझ्या कचेरीला दिलंस.

सकाळी मॅडमनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. आवाज चढवत नाहीत, चष्मा काढून टेबलावर ठेवतात, की समजायचं. चष्मा टेबलावर होता. तुमच्या कंपनीचा निरोप त्यांनी वाचून दाखवला: म्हाताऱ्याच्या हातात कुठलाही बदल मान्य नाही, बदलणार असाल तर खेळ तुमच्याकडे येणार नाही.

"आपण त्यांना अजून कुठला बदल कळवलेलाच नाही," मॅडम म्हणाल्या. "मग यांना हाताचं कळलं कसं?"

मास्तर छताकडे बघायला लागले, जसं काही निरोप तिथून गळला होता. मी डावा हात स्वेटरच्या खिशात घातला.

"मी कुणाला विचारत नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्याचं त्याने मला येऊन सांगावं."

मी गेलो नाही. दुपारपर्यंत टेबलावर बसून एका भुताच्या पायांना बूट काढत होतो. कुठल्या खेळाचं होतं तेही आठवत नाही.

दुपारी वाघीण आली. तिचं काम बदललेला खेळ खेळून बघणं. पाच फुटांची मुलगी आहे, पण हरली की गुरगुरते, म्हणून वाघीण. तुमच्या अख्ख्या खेळाची एक प्रत, आमचे बदल इथेच भरून, फक्त तिच्याकडे असते, आणि ती तिने कुणाला दाखवायची नसते.

"काका, तुमचा खेळ अडकतोय," ती म्हणाली. "दोन दिवस झाले, अंधारातून बाहेर पडता येत नाही. माझी चूक नाही, खेळातच काहीतरी बिघडलंय."

"माझं काम हाताचं. अंधाराशी माझा काय संबंध?"

"तेच म्हणते मी. तुम्ही चला."

नियम मोडून तिने मला तिच्या पडद्यापुढे बसवलं. काळाकुट्ट बोगदा. त्यात तुझी ती छोट्या हाताची मुलगी, कंदील काढून घेतलेली. चेहरा कुणाचाच दिसत नाही. अंधारातून तिच्याकडे हात येतात. एक, दोन, मग चहूबाजूंनी. एकच धरायचा. चुकीचा धरला की ती पुन्हा बोगद्याच्या तोंडाशी.

"सगळे सारखेच दिसतात," वाघीण म्हणाली. "कुठला धरायचा, काही खूणच नाही."

मी पाहत राहिलो. ते सगळे हात पाच बोटांचे होते. ते माझ्या टेबलावर कधी आलेच नव्हते, कारण त्यांच्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे फक्त खोट असलेली वस्तू येते. खोट दुरुस्त करून मी पाठवून दिली होती. तो हात आता त्या गर्दीत कुठेतरी होता, मी काढलेल्या सुरकुत्यांसकट, आणि मलासुद्धा सापडेना.

म्हणजे धरायचा होता तो तोच, चार बोटांचा हात.

वाघीण म्हणाली, "काका, रडताय का?"

मी म्हटलं, "तुझा पडदा फार उजेडाचा आहे."

काळोखच होता त्यावर.

बाबा


१९ नोव्हेंबर

खारू,

मॅडमना जाऊन सांगितलं. सगळं. ही पत्रं, तू, हात. त्यांनी चष्मा काढला नाही, उलट होता तो नीट बसवून माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. "काका, इतकी वर्षं तुम्ही माझ्यासमोर याच हाताने काम करताय. माझ्या लक्षात कसं नाही आलं?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सहीचं नंतर बघू. आधी हे निस्तरू."

मंडळाला त्यांनी अडचण कळवली. मंडळ म्हणतं, नियमाला अपवाद नाही, पण हात ओळखायची दुसरी खूण चालेल: अंगठी घाला, गोंदवा, तीळ काढा. तुमची कंपनी म्हणते, नाही. परवा सकाळी बैठक आहे. बनवणारीने फोनवर स्वतः बोलावं, नाहीतर फाइल बंद करतो, असं मंडळाने कळवलं आहे. आणि आई सांगते, तू तिला म्हणालीस, "माझ्या चित्राला कारण विचारणाऱ्यांशी मी बोलत नाही."

तुझं तू ठरव. पण माझी बाजू एकदा ऐकून घे, मग हवं तर फोन आपट.

तू म्हणतेस, बदल म्हणजे खोटं. मी या कामात पडलो तेव्हा मलाही तसं वाटायचं. मग मंडळाच्या तपासनीस बाईंना एकदा विचारलं, तुटलेल्या अवयवाचं एवढं वावडं का? त्या म्हणाल्या, एका जुन्या खेळात हात तुटलेला एक लुटारू होता. तो खेळ इथे खूप चालला. त्यानंतर ज्या मुलांना खरोखरच हात नव्हता, त्यांना शाळेत त्या लुटारूच्या नावाने हाका मारायला लागले. कुठल्या तरी आईने पत्र लिहिलं आणि नियम झाला. बनवणाऱ्याच्या गावी लुटारू हा नुसता लुटारूच होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. गोष्ट घरातून निघते तेव्हा एक असते आणि दुसऱ्याच्या दारात पोचते तेव्हा वेगळी होते, कुणी हात न लावताही. कुणीतरी दाराशी उभं राहून तिच्याकडे बघायला हवं. ते काम मी करतो. पांघरूण म्हण हवं तर. थंडी असेल तिथे पांघरूण घालतातच.

पण या वेळी नियमाने आपलाच गळा धरला आहे, हेही मला दिसतं. त्या मुलांसाठी केलेल्या नियमापायी मी माझ्याच हाताची खूण पुसून टाकली.

काल बसमधून येताना एक कल्पना सुचली. घरी येऊन चित्र काढून ठेवलं आहे. काय ते सांगत नाही. तुला सांगून विचारलं तर तू नाही म्हणशील, आणि तू नाही म्हटलंस तर मी ते दाखवणार नाही.

बैठकीत पडदा चालवायला मी असेन. मॅडमनी बजावलं आहे, तोंडाला कुलूप आणि डावा हात टेबलाखाली. बाप-लेकीचं नातं मंडळाला कळलं तर सगळंच संशयात जाईल.

मला उत्तर देऊ नकोस. बैठकीला ये.

बाबा


२२ नोव्हेंबर

खारू,

तुला नुसते आवाज ऐकू येत होते आणि पडदा दिसत होता. खोली मी सांगतो.

लांबट टेबल, वर पांढरा दिवा, खिडकी बंद. एका टोकाला तपासनीस बाई, शाल गुंडाळून. दुसऱ्या टोकाला मॅडम. मास्तर आणि वाघीण भिंतीला टेकून. मी कोपऱ्यात, उजवा हात माउसवर, डावा मांडीवर. मधोमध तो काळा स्पीकर, ज्यातून तू येणार होतीस. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मॅडमनी चष्मा काढला. स्पीकरमधून नुसती खरखर. मला वाटलं, संपलं.

मग तू "हॅलो" म्हणालीस. तीन वर्षांत मी बसलेल्या खोलीत, माझ्या कानावर, पहिल्यांदा. खुर्ची करकरली ती माझी.

बाईंनी विचारलं, "चारच बोटं का?" तेव्हा त्या चिडलेल्या नव्हत्या. तुला वाटलं असेल. त्यांनी शालीच्या टोकाशी चाळा चालवला होता.

तू म्हणालीस, "अंधारात ओळखू यावा म्हणून."

"ओळखायला अंगठीही चालेल."

"अंगठी कुणीही घालू शकतं."

"हा म्हातारा माणूस चांगला आहे की वाईट? तुकड्यांवरून कळत नाही."

त्या बाईंना पत्ता नव्हता की या प्रश्नाने त्या कोपऱ्यातल्या माणसाची रात्रीची झोप उडवली होती.

तू म्हणालीस, "मला ठरवता आलेलं नाही. म्हणून तर खेळ केला."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे.

"तो दार लावून घेतो," तू पुढे म्हणालीस. "कंदील काढून घेतो. परत येऊ नकोस म्हणतो. तिला राग येतो. पण अंधारात कुठला हात धरायचा, हे मात्र तिला माहीत असतं."

बाई म्हणाल्या, "मला पटतं. पण मी नियमाच्या बाहेर जाऊ शकत नाही. दुसरी खूण सांगा, नाहीतर इथे थांबू."

"मग थांबू," तू म्हणालीस.

मॅडमचा हात फाइल मिटायला पुढे झाला. आणि मी पुढची फ्रेम दाबली. कुणी सांगितलं नव्हतं. बोट घसरलं म्हणता आलं असतं, पण मी ते दाबलं.

पडद्यावर राखाडी हातमोजा आला. लोकरीचा, जुना, मनगटापाशी उसवलेला. चार बोटं भरलेली, आणि करंगळीशेजारचं एक रिकामं, लोंबतं.

खोलीत काय झालं ते सांगतो: काहीच नाही. कुणी हललं नाही. वाघिणीने माझ्या खुर्चीची पाठ धरली होती.

"हे कुणी काढलं?" तू विचारलंस.

"आमच्याकडचे एक काका आहेत," मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

मला वाटलं, आता तू म्हणशील, हेही पांघरूणच.

"चुकलंय," तू म्हणालीस. तुझा आवाज बारीक झाला होता. "ते रिकामं बोट एवढं आखूड नसतं. बाकीच्या बोटांपेक्षा लांब असतं. ओढून ओढून लांब झालेलं."

"कुणी ओढून?" बाईंनी विचारलं.

"मुलीने. रस्ता ओलांडताना ती तेच धरते. अख्खा हात तिच्या मुठीत मावत नाही."

बाईंनी पुढे वाकून पडदा न्याहाळला. "हात झाकलेला आहे," त्या सावकाश म्हणाल्या, जसं काही लिहून घेत होत्या. "हातमोज्याचं एक बोट रिकामं असणं ही हातमोज्याची बाब आहे, शरीराची नाही. नियमात हातमोज्यांबद्दल काही म्हटलेलं नाही." मग शाल सावरत म्हणाल्या, "मला चालेल. तुम्हाला?"

तू म्हणालीस, "तुमच्याकडे चालेल. आमच्याकडे हात उघडाच राहील."

"तो तुमचा प्रश्न."

बाई निघाल्या. दाराशी थांबून मला म्हणाल्या, "काका, खोलीत बरी ऊब आहे, मग हात लपवून का बसलात?" मी हात टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला, मान हलवली आणि गेल्या. पुढे काही विचारलं नाही. सहीच्या बाबतीत मॅडमनी मला लेखी समज दिली आहे, आणि तिची प्रत कपाटात ठेवताना त्या दात आवळून हसू दाबत असलेल्या मला दिसल्या.

घरी येऊन आईला म्हटलं, हातमोजे आण. ती म्हणाली, "आता काय, घरात थंडी?" डावा हातमोजा टेबलावर पसरून पाहिला. तू म्हणतेस तसंच. ते बोट मधल्या बोटापेक्षाही लांब आहे. मी ते दर थंडीत घालतो आणि माझ्या ध्यानात नव्हतं.

बाबा


१४ डिसेंबर

खारू,

तुझा निरोप आईने मला मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा: "बाबांना सांग, नळ बंद ठेवून भांडी घासण्यापेक्षा रविवारी सरळ फोनवर या." मी म्हटलं, भांडी कोण घासणार? ती म्हणाली, "तीन वर्षं मीच तुमची घासलेली पुन्हा घासते आहे."

तेव्हा उद्या येतो. कुत्र्याच्या श्वासावरून मी माघार घेतलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तूही घेऊ नकोस. समोरासमोर भांडू, त्याला वेगळी चव असते.

तुझा खेळ काल बाजारात आला. दुपारी जेवणं झाल्यावर वाघिणीने घरी येऊन तो टीव्हीला जोडून दिला. आधी आई खेळली. बोगद्यात तिने एकामागून एक सगळे चुकीचे हात धरले. म्हणाली, "एवढा संसार करून मला नवऱ्याचा हात ओळखता येऊ नये?" वाघीण म्हणाली, "मावशी, अंधार आहे." आई म्हणाली, "संसारात काय उजेड होता?"

मग माझी पाळी. बटणं दाबायला माझी चार बोटं पुरेशी आहेत, असं तुला वाटत असेल तर चूक. बोगद्यापर्यंत पोचायलाच घाम फुटला. मग अंधार झाला. हात यायला लागले. आणि मला पहिल्यांदा कळलं की मी ते चित्र नेहमी वरून पाहिलं आहे. टेबलावर ठेवून, वरून. इथे मी खाली होतो, त्या मुलीच्या जागी, तिच्या उंचीवर. वरून येणारे ते हात झाडांएवढे वाटत होते. त्यातला एक राखाडी होता, आणि त्याचं ते लांब झालेलं बोट नेमकं माझ्या तोंडासमोर लोंबत होतं.

मी ते धरलं.

बाबा